गावच्या घराला बाहेरून कॅमेरे लावायचे तर आधी जागा, वायर अन् लाइनचं पाहा

बहुतेक लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो, कोणत्या कंपनीचा घेऊ अन् किती मेगापिक्सेलचा घेऊ. माझं म्हणणं असं आहे की खेड्यातल्या घरी हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. कॅमेरा कुठं लावला, वायर कोणती ओढली अन् लाइन गेल्यावर तो चालू राहते का, या तीन गोष्टी जमल्या तर साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेराही चोराचा चेहरा दाखवते, अन् या नाही जमल्या तर महागातला महाग कॅमेरा फक्त दुपट्टा बांधलेलं डोकं दाखवते, बाकी काही नाही.

आपल्याकडं हे मनावर घ्यायचं कारण सगळ्यांनाच माहीत आहे. दिवाळीनंतर कापूस घरात येते, भाव वाढेल म्हणून लोक खोल्याच्या खोल्या भरून ठेवतात, सोयाबीनचे कट्टे ओसरीवर लागलेले असतात, गोठ्यात बैलजोडी, बाहेर मोटरसायकल, अन् वावरातल्या मोटरपंपाचं केबल तर तांब्यासाठी कापून नेतातच. वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाऊ शकते. त्यामुळं कॅमेरा हे शहरातलं फॅड आहे असं मला अजिबात वाटत नाही, पण लावायचा तर नीट लावायचा.

आधी रात्री घराभोवती फिरा

दिवसा नाही, रात्री. टॉर्च बंद करून फाटकापासून चालू व्हा अन् विचार करा की बाहेरचा माणूस आत कुठून कुठून येऊ शकते. समोरचं फाटक तर आहेच, पण गावात खरा रस्ता असतो मागून, सांदवाडीतून, कुटाराच्या गंजीजवळून, नाहीतर शेजाऱ्याच्या पडक्या भिंतीवरून. जिथून माणसाला जावंच लागते अशा अरुंद जागा शोधा, म्हणजे फाटक, बोळ, गोठ्याचं दार, जिना. कॅमेरा तिथं पाहिजे. मोकळ्या अंगणावर कॅमेरा लावला की अंगण छान दिसते पण माणूस ठिपक्यासारखा दिसते. साधारण घराला चार कॅमेरे पुरतात, समोर दोन, गोठ्याकडं एक, मागं एक. याच्यापेक्षा जास्त लागत असतील तर बहुतेक वेळा जागा चुकीची निवडलेली असते.

आता लेन्सचं ऐका, कारण दुकानदार हे सहसा सांगत नाही. लेन्सवर २.८, ३.६ किंवा ६ असा मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा लहान तितकं जास्त रुंद दिसते पण माणूस लहान दिसते. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावा असं वाटत असेल तर २.८ च्या लेन्सला तो जवळपास १० फुटांच्या आत पाहिजे, ३.६ ला १४ फुटांच्या आसपास अन् ६ च्या लेन्सला २५ फुटांपर्यंत चालते. त्याच्या पुढं कोणीतरी आलं होतं एवढंच समजते, कोण ते समजत नाही. म्हणून फाटक घरापासून २०-२५ फूट लांब असेल, जे गावात असतेच, तर त्या एका कॅमेऱ्याला ६ ची लेन्स मागा, अन् ओसरीवरच्या कॅमेऱ्याला २.८ चालते. सगळे कॅमेरे एकाच लेन्सचे घेऊ नका.

उंची ८ ते १० फूट. त्याच्या खाली लावला तर कोणीही काठीनं फिरवून ठेवते, अन् पार गच्चीच्या टोकाला लावला तर वरून नुसती टोपी दिसते. तोंड शक्यतो उत्तरेकडं किंवा दक्षिणेकडं ठेवा, सरळ पूर्वेकडं-पश्चिमेकडं ठेवलं तर सकाळी अन् सायंकाळी सूर्य लेन्समध्ये घुसते अन् तेवढ्या वेळात समोरचं काही दिसत नाही. फाटकच पूर्वेला असेल तर सज्ज्याखाली लावून थोडा खाली झुकवा म्हणजे आभाळ फ्रेममध्ये येणार नाही. अजून एक, कॅमेऱ्याच्या एकदम जवळ पांढरी भिंत, टिनाचा पत्रा किंवा पाइप नको, रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड त्यावर आपटून परत येते अन् पूर्ण चित्र पांढरं होऊन मागचं सगळं काळं पडते.

शेजाऱ्याची न्हाणी दिसायला नको

हे मी मुद्दाम खरेदीच्या आधी सांगून राहिलो, कारण गावात याच्यावरून भांडणं होतात अन् ती बरोबरच होतात. आपल्याकडं कितीतरी घरांची न्हाणी मागच्या वाडीत उघड्यावर किंवा आडोशाला असते, बायका सकाळी अंधारात तिथं असतात, हातपंपावर असतात. तुमच्या कॅमेऱ्यात ते येत असेल तर तुमचा हेतू कितीही चांगला असो, ते चूकच आहे. कायद्यानंही आहे, आयटी अॅक्ट २००० चं कलम ६६-ई अन् भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ याच्यासाठीच आहेत, दोन्हीत तुरुंगवासाची तरतूद आहे. करायचं काय, तर आधी कॅमेरा फिरवून तो भाग फ्रेमच्या बाहेर काढा, नाहीच निघाला तर डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क म्हणून असते, त्यानं तेवढ्या भागावर काळी पट्टी बसवता येते, मग तो भाग रेकॉर्डही होत नाही. अन् लावून झाल्यावर शेजारच्या काकूंना, काकाजींना घरी बोलवून मोबाइलवर दाखवा, हे पाहा काकाजी, तुमचं अंगण यात येत नाही. एवढं केलं की उद्या त्यांच्याच घरी काही झालं तर ते हक्कानं तुमच्याकडं फुटेज मागायला येतील. आवाज रेकॉर्ड करणारा माइक बाहेरच्या कॅमेऱ्याला बंदच ठेवा, लोकांचं बोलणं ऐकायचं आपल्याला काही काम नाही.

कोणती सिस्टीम घ्यायची

गावात तीन प्रकार चालतात. पहिला म्हणजे डीव्हीआरवाला, काळ्या गोल वायरवर चालणारा एचडी कॅमेरा, ज्याच्या वायरला सगळे थ्री प्लस वन म्हणतात. दुसरा आयपी कॅमेरा, तो नेटवर्कच्या कॅट-६ वायरवर चालते अन् त्याच वायरमधून त्याला करंट पण जाते, त्याला पीओई म्हणतात. तिसरा वायफायवाला किंवा सिमकार्डवाला. माझं मत विचाराल तर खेड्यातल्या घरासाठी पहिला सगळ्यात बरा, तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनला दुरुस्त करता येते, पार्ट सगळीकडं भेटतात, इंटरनेट असो नसो रेकॉर्डिंग चालू राहते. गोठा घरापासून लांब असेल तर पीओई चांगला, फक्त त्याची एक वायर १०० मीटरच्या वर नेता येत नाही. वायफाय कॅमेरा आतल्या खोलीसाठी ठीक आहे पण बाहेर, मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंतीपलीकडं सिग्नल पोचतच नाही.

घेताना कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलं पाहा, म्हणजे त्यात धूळ अन् पावसाचं पाणी शिरत नाही (वरच्या आयपी कॅमेऱ्याशी याचा संबंध नाही), अन् बुलेट म्हणजे लांबोळा कॅमेराच घ्या, गोल डोमच्या काचेवर धूळ बसली की रात्री काही दिसत नाही अन् थ्रेशर लागले की आपल्याकडं धूळ किती असते ते सांगायला नको. किती तापमानापर्यंत चालते तेही डब्यावर वाचा, मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडं पारा ४५ च्या पुढं जाते अन् पत्र्याखाली तर त्याच्याहून जास्त असते, म्हणून ६० अंशांपर्यंतचा भेटला तर तोच घ्या. अजून, एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची सरकारी चाचणी लागू झाली आहे, तेव्हा बिनानावाचा डबा स्वस्त भेटून राहिला म्हणून घेऊ नका, डब्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर पासून सुरू होणारा नंबर पाहा अन् पक्कं बिल घ्या.

वायर, वायर अन् वायर

इथं पैसे वाचवू नका. बाजारात तांब्याची वायर भेटते अन् तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची पण भेटते, दिसायला सारखीच असते. टोक सोलून चाकूनं खरवडा, आतून पांढरं निघालं की ती अॅल्युमिनिअमची, परत करा. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे जॉइंट काळे पडतात.

एक तक्रार सगळीकडं ऐकायला येते, कॅमेरा दिवसभर चांगला चालते अन् रात्र झाली की बंद-चालू, बंद-चालू होते. लोक म्हणतात कॅमेरा खराब निघाला. बहुतेक वेळा कॅमेरा चांगला असते. होते असं की रात्री इन्फ्रारेडचे एलईडी पेटले की कॅमेरा जास्त करंट ओढते, वायर पातळ अन् ५०-६० मीटर लांब असली की डीव्हीआरजवळून निघालेले १२ व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोचता पोचता दोन-तीन व्होल्ट कमी होतात अन् कॅमेरा गळून जाते. मल्टिमीटर घेऊन रात्री, एलईडी चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजा, ११ च्या वर असेल तर चिंता नाही. कमी असेल तर गोठ्यातच १२ व्होल्टचा वेगळा अॅडाप्टर बंद डब्यात लावा अन् लांबून फक्त चित्राची वायर आणा. दिवसा मोजलं तर हे समजतच नाही, म्हणून रात्रीच मोजा.

वायर घराच्या २३० व्होल्टच्या लाइनसोबत एकाच पाइपात टाकू नका, फूटभर तरी अंतर ठेवा, नाहीतर चित्रात आडव्या लहरी येतात अन् कुठं इन्सुलेशन गेलं तर जिवाला धोका आहे तो वेगळाच. भिंतीवरून नेताना पीव्हीसी पाइपातून न्या. पाइप नसेल अन् घरी ड्रिपची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल पडली असेल तर ती पण चालते, काळी असल्यामुळं उन्हात टिकते, फक्त आतून ड्रिपर बसवलेली नको, साधी पाहिजे, अन् वायर आधी ओवायची, कनेक्टर मग लावायचा, नाहीतर तो आत जाणारच नाही. जमिनीतून न्यायची असेल तर लॅटरल नाही चालत, उंदीर अन् घुशी कुरतडतात, तिथं जाड पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप दीड फूट खोल टाका. घरापासून गोठ्यापर्यंत वरून न्यायची असेल तर आधी जीआय म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार ताणा अन् वायर तिला बांधा, वायरवर तिचंच वजन टाकू नका. अन् बैलबंडी, कुटार भरलेला ट्रॅक्टर खालून जाईल एवढी उंची ठेवा.

बसवायचं कसं

सिमेंटच्या भिंतीला सोपं आहे, ड्रिल करा, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोका, स्क्रू मारा. विटा-मातीच्या भिंतीत जॉइंटमध्ये भोक पाडू नका, विटेच्या मधोमध पाडा. पूर्ण मातीची भिंत असेल तर गिट्टी धरतच नाही, तिथं लोखंडी अँगल सज्ज्याला किंवा कवेलूच्या खालच्या लाकडी बल्लीला कसून त्याच्यावर कॅमेरा बसवा. खांब उभा करायचा असेल तर काळ्या मातीचं ध्यानात ठेवा, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् पावसाळ्यात ती फुगते, फूटभर खड्ड्यात गाडलेला खांब एका वर्षात वाकडा होते अन् कॅमेरा आभाळाकडं पाहत बसते. तीन फूट खोल खड्डा अन् काँक्रीट, त्याशिवाय खांब नाही.

कॅमेऱ्याच्या मागं पीव्हीसीचा चौकोनी डबा लावा, त्याला लोक जंक्शन बॉक्सच म्हणतात. चित्राचा बीएनसी कनेक्टर अन् करंटची डीसी पिन, दोन्ही जॉइंट त्या डब्याच्या आत राहायला पाहिजेत. टेप गुंडाळून बाहेर लोंबत ठेवलेला जॉइंट हे निम्म्या बिघाडांचं मूळ आहे. बीएनसी लावताना वायरचं बाहेरचं काळं कव्हर सोलल्यावर जाळीचे केस सगळे मागं वळवा, एक पण केस मधल्या तारेला लागता कामा नये, तो लागला की स्क्रीन काळी. मधली तार स्क्रूखाली कसल्यावर हलकेच ओढून पाहा, निघून आली तर परत कसा. डब्यात वायर खालून घाला, वरून नाही, अन् घालायच्या आधी तिला खाली एक झोल द्या म्हणजे वायरवरून वाहत आलेलं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, आत जात नाही. आपल्याकडं चार-चार दिवस झड लागते, तेव्हा हा साधा झोलच कॅमेरा वाचवते. भोकाला एम-सील किंवा सिलिकॉन भरा. वानरांचा त्रास असेल तर वायर एक बोटभरही लोंबती ठेवू नका, त्यांना पकडायला जे भेटते ते ते ओढतात.

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागं कोळी येते अन् लेन्ससमोर जाळं विणते, रात्री ते जाळं दोरखंडासारखं चमकते अन् मोबाइलवर रात्रभर अलर्ट वाजत राहतात. उपाय म्हणजे कॅमेऱ्यापासून ६-८ फूट बाजूला एक साधा एलईडी बल्ब लावा, किडे तिकडं जातात अन् चित्रात उजेडही चांगला येते. पंधरवड्याला एकदा काठीला मऊ फडकं बांधून पुसून घ्या.

डीव्हीआर, लाइन अन् विजा

डीव्हीआर बैठकीत टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच उचलून नेतात अन् मग सगळंच गेलं. आतल्या खोलीत, कपाटात ठेवा, पण मागं हवा खेळली पाहिजे. अन् एक गोष्ट हात जोडून सांगतो, कापूस भरलेल्या खोलीत डीव्हीआर, अॅडाप्टर, एसएमपीएस (सगळ्या कॅमेऱ्यांना करंट देणारा डबा) यातलं काहीही लावू नका. कापसाची लव त्यांच्या जाळीत जाऊन बसते, गरम होते, अन् एक ठिणगी पुरे आहे. कापसाच्या रक्षणासाठी कॅमेरा लावायचा अन् त्याच्यामुळंच कापूस जळायचा, असं नको.

चार कॅमेरे, डीव्हीआर अन् राउटर मिळून साधारण ३०-४० वॅट लागतात, म्हणजे जुन्या सीलिंग पंख्याच्या निम्मे. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा एक वेगळा पॉइंट याच्यासाठीच ठेवा, त्यावर दुसरं काही लावू देऊ नका. चोर लाइन जायचीच वाट पाहतात, तेव्हा तर कॅमेरा चालू पाहिजेच. व्होल्टेज वर-खाली होते तिथं स्टॅबिलायझर लावा.

विजेचा प्रश्न आपल्याकडं मोठा आहे. बाहेर ओढलेली लांब वायर वीज जवळ पडली की करंट घरात आणते अन् डीव्हीआरचे सगळे पोर्ट एका झटक्यात जातात. घराची अर्थिंग चांगली करून घ्या, काळी माती उन्हाळ्यात वाळून अर्थिंगचा खड्डा सोडते म्हणून त्यात एप्रिल-मेमध्ये पाणी टाकत जा, सर्ज प्रोटेक्टर म्हणजे करंटचा झटका अडवणारं यंत्र लावा, अन् आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढून टाका, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप मोबाइलमध्ये ठेवा, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगते, कॅमेऱ्यासाठी नाही तर वावरातल्या माणसांसाठी तरी ठेवाच.

हार्ड डिस्कचा हिशेब सोपा आहे. डीव्हीआरमध्ये एका कॅमेऱ्याचा रेकॉर्डिंगचा वेग १ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला जवळपास ११ जीबी भरते. चार कॅमेरे २ एमबीपीएसवर ठेवले तर दिवसाला ८६ जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते अन् मग जुनं आपोआप पुसल्या जाते. लग्नाला आठवडाभर बाहेर गेलात तर तेवढं पुरते, जास्त पाहिजे तर २ टीबी घ्या. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनलेलीच मागा, जुन्या कॉम्प्युटरची लावू नका.

मोबाइलवर पाहायला राउटरमध्ये सिम टाकून काम भागते, पण १ एमबीपीएसचा एकच कॅमेरा सतत लाइव्ह पाहत बसाल तरी तासाला साडेचारशे एमबी जातात अन् दीड जीबीचा पॅक तीन-साडेतीन तासांत संपते. अॅपमध्ये सब-स्ट्रीम म्हणजे हलक्या दर्जाचं चित्र निवडा, डेटा बराच वाचते. अन् पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे अन् डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कशाच्या जोरावर, तर लोकांनी कंपनीचा मूळ पासवर्ड बदलला नव्हता. लावून देणाऱ्या पोरालाही पासवर्ड सांगू नका, त्याचं काम झालं की त्याच्यासमोर तुम्ही स्वतः नवीन टाका अन् वहीत लिहून ठेवा.

वावरातल्या बोअरवेलजवळ लाइन नसेल तर सोलरवाला सिमचा कॅमेरा चालते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, साधारण २० अंश तिरपं. हा कॅमेरा बहुतेक हालचाल झाली तरच रेकॉर्ड करते, रानडुक्कर अन् रोही आले तरी करते, अन् झडीत चार दिवस ऊन नाही निघालं की बॅटरी उतरते. त्याच्या भरवशावर पूर्ण राहू नका.

लावून झालं की

रात्री घरातल्या कोणाला तरी डोक्याला दुपट्टा बांधून फाटकातून चालत यायला सांगा, एकदा हळू, एकदा पळत, अन् तुम्ही स्क्रीनवर पाहा की चेहरा ओळखू येते का, गाडीचा नंबर वाचता येते का. नाही आला तर त्याच वेळी कॅमेरा फिरवा, स्क्रू पक्के नंतर करा. डीव्हीआरची तारीख-वेळ मोबाइलशी जुळवा अन् महिन्यातून एकदा तपासा, आतला सेल उतरला की लाइन गेल्यावर वेळ मागं जाते, अन् चुकीच्या वेळेचं फुटेज पोलिसांना समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात.

चोरी झालीच तर ११२ ला फोन करा, अन् डीव्हीआरमध्ये स्वतः खटपट करू नका. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरवायला ठीक आहे, पुराव्यासाठी मूळ रेकॉर्डिंग लागते अन् त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागते, ते कसं भरायचं ते पोलीस सांगतात. फक्त डिस्क भरत आली असेल तर जुनं पुसल्या जायच्या आत तेवढ्या वेळाची फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, अन् त्यांनी पंचनामा करून डीव्हीआर नेला तर पावती नक्की घ्या.